ढिलें सुकाणू

(वाचनपाठ : याकोबाचें पत्र, अध्याय ३, वचनें ३ ते ५, निर्गम, अध्याय २१, वचनें २८ व २९)



याकोबानें जिभेविषयीं बोलण्यापूर्वीं दोन दाखले घेतले आहेत. एक घोड्याच्या लगामाचा व दुसरा गलबताच्या सुकाणूचा. एवढ्या अवाढव्य गलबताची दिशा मागें लटकणाऱ्या एका फळीच्या हातीं असते, हा त्याचा मुद्दा आहे. परंतु ज्यांनीं समुद्र कधीं पाहिला नाहीं, त्यांस गलबताचा दाखला देऊन काय उपयोग? म्हणून आम्ही आज गलबत सोडून पिकअप घेतों. ती आतां वाडोवाडीं पोहोंचली आहे, आणि तिचें सुकाणू ढिलें झालें असतां काय होतें हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे, किंवा ठाऊक असावयास पाहिजे.

आहुपें गांवाचेंच उदाहरण घेऊं. आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या अगदीं धारेवर हें गांव वसलें आहे. गांवाच्या पलीकडे जमीन एकाएकीं संपते व खालीं कोंकण दिसूं लागतें. आहुपें घाटाची जुनी पायवाट तेथून मुरबाड तालुक्यांत उतरते. मोटारीचा रस्ता मात्र उलट दिशेनें, डिंभें धरणाच्या पाण्याच्या कांठाकांठानें वळणें घेत घोडेगांवास व पुढें मंचरास जातो. वस्ती मुख्यत्वें महादेव कोळी बांधवांची, पीक भाताचें, आणि जंगलाचें देणें म्हणजे हिरडा. वाळलेला हिरडा बाजारास न्यावयाचा तर पिकअप, खताचीं पोतीं आणावयाचीं तर पिकअप, आणि रात्रीं कोणी बाळंतीण अडली व दुसरें वाहन मिळालें नाहीं तर तीच पिकअप. पावसाळा तर ह्या पट्ट्यांत असा कोसळतो कीं डोंगरसुद्धां जागा सोडतात. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर कडा आला आणि दीडशेच्या वर माणसें गेलीं; तें वर्तमान जगास प्रथम कळलें तें नित्याप्रमाणें त्या बाजूस गेलेल्या एस. टी. च्या चालकामुळें, हें वाचकांस आठवत असेल. अशा मुलखांत दगडगोटे व खड्डे ह्यांवरून रोज धांवणाऱ्या गाडीचे सांधे झिजतात ह्यांत नवल नाहीं. नवल आहे तें इतकेंच कीं ते झिजले हें मालकाच्या लक्षांत सर्वांच्या शेवटीं येतें.

ढील म्हणजे काय, तें आधीं पाहूं. चालक चक्र, ज्यास सर्व लोक स्टेअरिंग म्हणतात, तें डावीकडे फिरवूं लागतो. कांहीं अंतरापर्यंत चक्र नुसतेंच फिरतें. खालीं चाकास त्याची वार्ताही नसते. मग एकदम चाक हालतें. ह्या मधल्या रिकाम्या फिरण्यास मेस्त्री लोक ‘प्ले’ म्हणतात. प्रत्येक गाडींत तो थोडासा असतोच. हलक्या वाहनांत, सर्व ठाकठीक असतां, चक्राच्या कडेवर तो दोन बोटांच्या आंतबाहेर भरतो. सरकारनें त्यासही मर्यादा घातली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, ह्यांतील ९८ वा नियम सांगतो कीं ही ढील चक्रावर ३० अंशांहून अधिक असतां कामा नये. जोडणीच्या प्रत्येक बॉल जॉइंटवर रबराची टोपी असावी. आणि बोल्ट अथवा पिना निसटणार नाहींत अशा पक्क्या केलेल्या असाव्या. ३० अंश म्हणजे पुऱ्या फेऱ्याचा बारावा भाग. चक्र ४० सेंटिमीटर व्यासाचें असेल तर कडेवर हें अंतर सुमारें साडेदहा सेंटिमीटर होतें. चार बोटें आडवीं धरा व वर एक अंगठा ठेवा, इतकें. ही कायद्याची शेवटची हद्द आहे. तेथवर जाण्याची परवानगी आहे असा तिचा अर्थ कोणी करूं नये. घाटांतील वळणावर समोरून एस. टी. आली असतां तेवढें अंतर हात रिकामा फिरणें म्हणजे काय, ह्याचा विचार करावा.

बैलगाडीच्या मंडळींस येथें एक गोष्ट सांगणें जरूर आहे. बैलाचा कासरा ढिला पडला तरी फारसें बिघडत नाहीं. गाडीवान झोंपीं गेला तरी बैल त्यास घरीं आणून पोहोंचवितात, असें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. त्याचें कारण बैलास डोळे आहेत, दरी त्यासही दिसते, आणि मरण्याची त्यासही हौस नाहीं. मोटारीस डोळे नाहींत. तिचे डोळे, तिचें भय, तिची बुद्धि, सर्व कांहीं एका दांड्यावाटे वरून खालीं यावयाचें असतें, आणि वाटेंत सांधा ढिला असेल तर तें तेथेंच सांडतें.

ही ढील एका दिवसांत येत नाहीं, हीच तिची मोठी लबाडी होय. आज केंसभर, उद्यां केंसभर. चालकाचा हात तिला सरावतो. सरळ रस्त्यावरही तो चक्र सारखें इकडून तिकडे हालवीत राहतो आणि त्यास वाटतें कीं गाडी चालविणें म्हणजे असेंच असतें. एखादे दिवशीं गाडी शेजाऱ्याच्या हातीं दिली म्हणजे तो अर्ध्या फर्लांगांत उतरून म्हणतो, “अहो, ही तर आपल्या मनानें चालते!” मालकास राग येतो. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्यानें, मनुष्य ऐकलेल्या वचनापासून नकळत वाहवत जातो, ही जी भीति दाखविली आहे ती ह्याच जातीची आहे. होडी दोर तोडून पळत नाहीं. ती हळूहळू सरकते व आंत बसलेल्यास किनारा जागचा हालला असें भासतें. म्हणून वर्षांतून एकदोन वेळां आपली गाडी दुसऱ्या जाणत्या मनुष्याच्या हातीं देऊन त्याचें मत घ्यावें, आणि त्यानें दोष सांगितला असतां त्याचे आभार मानावे. उपदेशक बंधूंसही आमची हीच विनंति आहे. मंडळींतील एखादी वृद्ध भगिनी, “पाळकबुवा, आपलें बोलणें अलीकडे कडू झालें आहे,” असें म्हणाली तर तिला अडाणी समजून परत पाठवूं नका. तिनें चक्र हातीं धरून पाहिलें आहे.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. लांब एकाच वळणावर ढील जाणवत नाहीं. चाकें एका बाजूस दाबलेलीं असतात, सर्व सांधे ताणलेले असतात, आणि रिकामी जागा एका अंगास जाऊन बसलेली असते. ती प्रगट होते दोन ठिकाणीं. एक सपाट सरळ रस्त्यावर, जेथें कशाचाच ताण नाहीं आणि गाडी दारू प्याल्यासारखी भटकूं लागते. दुसरें, डावें वळण संपून लगेच उजवें सुरू होतें तेथें. कारण त्या क्षणीं सर्व रिकामी जागा ओलांडून जावें लागतें, आणि ती ओलांडली जाईपर्यंत गाडी कोणाच्याच ताब्यांत नसते. दुष्काळांत देवाजवळ घट्ट राहिलेलें कुटुंब चांगलें पीक आल्यावर भटकूं लागलेलें आम्ही पाहिलें आहे. संकट चालू असतां मनुष्य ताणलेला असतो. पालट होतो तेव्हां त्याची परीक्षा होते.

आतां दोष शोधावा कसा? पुष्कळ लोक प्रथमच स्टेअरिंग बॉक्सवर बोट ठेवितात. आमचा अनुभव व जाणत्या मेस्त्रींचें सांगणें असें आहे कीं शोध स्वस्त व सोप्या गोष्टींपासून करावा. आधीं टायरांतील हवा पाहावी. हवा कमी असली कीं चाक रबराच्या पोटावर लोळतें आणि सुकाणू ढिलें असल्याचा भास होतो. मग टायर कसे झिजले आहेत तें पाहावें. एकाच कडेनें अथवा करवतीच्या दांतांप्रमाणें खाल्ले गेले असतील तर चाकांची दिशा एकमेकांशीं जुळत नाहीं. नंतर ओझें पाहावें. पिकअपच्या हौद्यांत मागच्या चाकांच्याही मागें पोतीं रचलीं कीं पुढचा भाग वर उचलला जातो, पुढच्या चाकांचा जमिनीवरील दाब कमी होतो, आणि चक्र कितीही नेमकें असलें तरी चाकांस रस्ता धरतां येत नाहीं. हा दोष कोणत्याही पान्यानें दूर होणार नाहीं. तो लोभाचा दोष आहे.

एवढें पाहिल्यावर गाडी सपाट जागीं उभी करून, चाकांस ओट लावून, दोघांनीं मिळून तपास करावा. एकानें वर बसून चक्र थोडेंथोडें इकडेतिकडे हालवावें, आणि दुसऱ्यानें खालीं वाकून एकेका सांध्यावर हात ठेवीत जावें: चक्राचा दांडा, दांड्याचा क्रॉस, मग रॅक किंवा बॉक्स, बॉक्स चासीस घट्ट बांधला आहे कीं नाहीं, मग टाय रॉड, त्याचे बॉल जॉइंट, आणि शेवटीं चाक. जुन्या जीपमध्यें व मोठ्या ट्रकमध्यें बॉक्स, आर्म व ड्रॅग लिंक अशी लांब सांखळी असते. अलीकडच्या पुष्कळ हलक्या गाड्यांत रॅक असतो व सांधे कमी असतात. सांखळी कोणतीही असो, नियम एकच. ज्या ठिकाणीं एक भाग हालतो व त्याच्या लगतचा हालत नाहीं, तेथें दोष आहे. ह्याहून सोपी परीक्षा आम्हांस ठाऊक नाहीं. मंडळींतही ती लावून पाहावी. सभेंत ठराव झाला, पंचांनीं मान डोलावली, आणि वाडींत कांहींच हाललें नाहीं. तर मग वरून खालीं एकेका सांध्यावर हात ठेवीत जा. पुष्कळदां सांधा सांपडतो तो अशा मनुष्याजवळ, जो तोंडानें ‘होय’ म्हणतो व पायानें ‘नाहीं’. प्रभूनें होयचें होय व नाहींचें नाहीं असावें असें जें शिकविलें, तें ह्याच रिकाम्या जागेविषयीं आहे. ‘रविवारीं येतों’ म्हणून न आलेल्या उपदेशकाची वाट पाहत एखादी वाडी देवळाच्या ओट्यावर दोन तास बसते, आणि पुढच्या वेळीं अर्धीच वाडी बसते.

चाक जॅकवर उचलूनही परीक्षा करितां येते. डाव्या व उजव्या कडेस धरून हालवितां खुळखुळलें तर टाय रॉडचे सांधे अथवा रॅक पाहावा. वर व खालीं धरून हाललें तर चाकाचें बेअरिंग, किंग पिन अथवा बॉल जॉइंट. ह्यांत भेद करावयाचा असेल तर एकानें ब्रेक दाबून धरावा. हालचाल थांबली तर बेअरिंग ढिलें आहे, न थांबली तर पिन किंवा जॉइंट झिजला आहे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखालीं मात्र कोणीं शिरूं नये. खालीं भक्कम घोडी किंवा ओंडका दिल्यावांचून गाडीखालीं जाणारा मनुष्य शूर नव्हे. तो आपल्या मुलांबाळांविषयीं निष्काळजी आहे.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख करणें प्राप्त आहे. पॉवर स्टेअरिंगची गाडी घेतली कीं कांहीं लोक म्हणतात, ‘हिचें चक्र ढिलेंच असतें.’ हलकें आणि ढिलें ह्यांत मोठें अंतर आहे. तेलाच्या दाबानें चक्र बोटावर फिरतें तें हलकें. फिरूनही चाकापर्यंत पोहोंचत नाहीं तें ढिलें. अशा गाडीची ढील मोजावयाची तर इंजिन चालू ठेवून मोजावी, म्हणजे फसगत होत नाहीं. पंचमंडळींतही हा गोंधळ आम्ही पाहतों. सौम्य पाळकास लोक ढिला समजतात व ढिल्यास सौम्य. जो हळू बोलून काम तडीस नेतो तो सौम्य. ज्याचा शब्द कोणापर्यंतच पोहोंचत नाहीं, त्याच्या गोड स्वभावाची तारीफ करीत बसूं नये.

दोष सांपडल्यावर दुरुस्तीचे दोन मार्ग असतात. त्यांतील खोटा मार्ग स्वस्त असल्यामुळें अधिक चालतो. बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला कीं चक्राची ढील कमी होते. मालक संतुष्ट होतो, मेस्त्रीस दहा मिनिटें लागतात. पण झीज जर खालच्या बॉल जॉइंटमध्यें असेल, तर स्क्रू आवळून ती कशी जाणार? ती झांकते मात्र. आणि झीज बॉक्समध्येंच असली तरी पुढची अडचण ऐका. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून दांते मधोमध अधिक झिजतात व कडांस कमी. मधली ढील जावी म्हणून स्क्रू फार आवळला कीं कडांचे दांते अडकूं लागतात. मग वळण घेतल्यावर चक्र आपोआप सरळ येत नाहीं. घाटांत गाडी वळते ती वळलेलीच राहते. ढिल्या चक्रापेक्षां हें अधिक भयंकर. आंतील झीज तशीच ठेवून वरून नियम आवळणाऱ्या मंडळ्या आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांत माणसें सरळ असतां फार सरळ दिसतात, आणि एकदां वळलीं कीं परत येऊं शकत नाहींत.

खरी दुरुस्ती म्हणजे झिजलेला सांधा काढून नवा घालणें. बॉल जॉइंट ठोकून घट्ट होत नाहीं. रबराची टोपी फाटली कीं आंतील ग्रीस निघून जातें, चिखल व वाळू शिरते, आणि मग गोळी व वाटी एकमेकांस खात सुटतात. म्हणून टोपी फाटतांच पाहावें, खुळखुळ ऐकूं येण्याची वाट पाहूं नये. तडा गेलेला आर्म वा रॉड वेल्डिंग करून चालविणें ही गोष्ट तर कोणीं मनांतही आणूं नये. जोडलेली जागा चांगली दिसते व भाराखालीं अकस्मात् तुटते.

ह्यावर मालक म्हणेल, “पाळकबुवा, गाडीचा हप्ता थकला आहे, हिरड्याचा भाव पडला आहे, नवे सांधे कोठून आणूं?” त्याची अडचण खोटी नाहीं, आणि ती आम्ही हलकी मानीत नाहीं. परंतु मोशेच्या नियमशास्त्रांत मारक्या बैलाविषयीं जो निवाडा आहे, तो त्यानें वाचावा. बैलानें प्रथमच कोणास भोंसकून मारिलें तर धनी निर्दोष ठरतो. पण बैल मारका आहे हें धन्यास आधीं कळविलेलें असून त्यानें त्यास आवरिलें नाहीं, तर रक्ताचा जाब धन्याकडे येतो. सर्व भेद त्या ‘कळविलेलें असून’ ह्यांत आहे. चक्र ढिलें आहे हें ज्या दिवशीं आपणांस समजलें, त्या दिवसापासून ती गाडी दुसरी गाडी झाली. हौद्यांत बसलेल्या बायांस कोणीं विचारिलें नाहीं. त्यांनीं पोतीं रचलीं व त्यांवर बसल्या. मालवाहू गाडींत माणसें नेण्यास कायद्याची सर्वसाधारण मोकळीक नाहीं, हें आम्ही येथें स्पष्ट लिहून ठेवितों, जरी डोंगरांत काय चालतें तें सर्वांस माहीत आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं, श्रावणी सोमवारीं, आपल्या शेजारच्या खेड तालुक्यांत कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या स्त्रियांची पिकअप चढावर मागें येऊन खालीं कोसळली व अनेक घरांतील आया-सुना गेल्या. तेथें दोष सुकाणूचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं अशा हौद्यांत बसलेल्यांस धरावयास कांहीं नसतें, आणि गाडीचा कोणताही लहान दोष त्यांच्यासाठीं लहान राहत नाहीं.

पैसा नसेल तर गाडी उभी ठेवावी, भाडें दुसऱ्यास द्यावें, आणि मंडळीनें अशा बंधूस उसनवारीनें हात द्यावा. बैल मेला असतां वाडी वर्गणी करिते. सांध्यासाठीं कां करूं नये?

चक्र घट्ट असणें म्हणजे सर्व कांहीं झालें असेंही नाहीं, हें ओघानेंच सांगतों. आहुप्याच्या रस्त्यालगत जो जलाशय पसरला आहे, त्यास हुतात्मा बाबू गेनू ह्यांचें नांव दिलेलें आहे. ते ह्याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळचे, मुंबईस गिरणींत काम करणारे. १२ डिसेंबर १९३० रोजीं परदेशी कापडाच्या लॉरीपुढें ते आडवे झाले व तिच्याखालीं त्यांचा अंत झाला. हिंदी चालकानें गाडी पुढें नेण्याचें नाकारिलें आणि गोऱ्या अंमलदारानें चक्र आपल्या हातीं घेतलें, असें सांगतात. त्या लॉरीचें सुकाणू कदाचित् उत्तम असेल. याकोबानेंही सुकाणूबरोबर सुकाणेकऱ्याच्या इच्छेची गोष्ट काढिली आहे, ती उगीच नव्हे.

आतां कामाचें थोडें राहिलें आहे. सांधे बदलल्यावर दोन्ही चाकांची दिशा जुळवून घ्यावी, ज्यास व्हील अलाइनमेंट म्हणतात. नाहींतर नवे टायर चार महिन्यांत खाऊन जातील. टाय रॉडचा चेक नट आवळला आहे कीं नाहीं हें स्वतः पाहावें. काढलेली जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हां घालूं देऊं नये; नवी पिन थोड्या पैशांत मिळते. झिजलेले सांधे मेस्त्रीकडून मागून घ्यावे व हातांत धरून हालवून पाहावे, म्हणजे कशासाठीं पैसे दिले तें समजतें आणि दुसऱ्या वेळीं खुळखुळ ओळखूं येते. हें सर्व मृग लागण्यापूर्वीं, रस्ता कोरडा असतांच उरकावें. नंतर घोडेगांवाहून डिंभ्यापर्यंत एक फेरी रिकामी करावी, चाकांचे नट थंड झाल्यावर पुन्हां पान्यानें पाहावे, आणि मग वर आहुप्यास जाऊन हिरड्याचीं पोतीं भरावीं. जड पोतीं पुढच्या बाजूस.